नवखे फोटोग्राफर: आधी उजेड, मग रॉ, सॉफ्टवेअर शेवटी

नवा कॅमेरा घरी आला की आठ-पंधरा दिवसांत एक प्रश्न हमखास येतो: एडिटिंगला काय घेऊ, लाइटरूम की फोटोशॉप? माझं उत्तर असं की आधी महिनाभर फोटो काढा, तेही रॉ फॉरमॅटमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल), आणि मग ठरवा. सॉफ्टवेअरकडून काय हवंय ते तुमचे स्वतःचे फोटोच सांगतात. कोणाच्या घरात ट्यूबलाइटमुळे चेहरे हिरवट येतात, कोणाला ढगाळ आभाळ जळून पांढरं पडल्याचं दुःख असतं, कोणी चुलतभावाच्या लग्नात दीड हजार फोटो काढून बसतं. या तिघांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत, आणि सुरुवातीलाच वर्षभराचे पैसे भरून टाकले तर ती गरज कळायच्या आत आपण एका सॉफ्टवेअरला बांधले जातो.

म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात

फोन असेल तर फोनपासून सुरुवात करा. बऱ्याच फोनमध्ये प्रो मोड असतो, त्यात शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती दाद देतो) हाताने बदलता येतो आणि रॉ फाइलही मिळते. मात्र साध्या मोडमध्ये फोन एका क्लिकमागे अनेक फ्रेम घेऊन त्या आपोआप जोडतो, सावल्या उजळतो, आभाळ सावरतो. फोटो छान येतो, पण तो का छान आला हे कळत नाही. शिकायचं असेल तर प्रो मोडच वापरा.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) हा आजही सर्वांत स्वस्तातला चांगला रस्ता आहे. २०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ माउंट आणल्यापासून या दोन्ही कंपन्यांचा भर मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर गेला, त्यामुळे चांगल्या स्थितीतले डीएसएलआर लोक विकायला काढतात. घेताना तीन गोष्टी पाहा. एक, शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झालेत. सुरुवातीच्या पातळीवरच्या अनेक कॅमेऱ्यांचं शटर साधारण १ लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेलं असतं. दोन, लेन्सला बुरशी आहे का. लेन्स काढून मागच्या बाजूने फोनचा टॉर्च मारा आणि पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती लेन्स घेऊ नका, भाव कितीही पाडून मिळाला तरी. तीन, निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यामुळे ५० मिमी एफ/१.८ डी ही जुनी स्वस्त लेन्स त्यांच्यावर बसते, पण ऑटोफोकस होत नाही. तिथे स्वतःची मोटर असलेली एएफ-एस लेन्सच लागते; एएफ-पी लेन्स घ्यायची तर ती आपल्या मॉडेलवर चालते का ते आधी पाहा, जुन्या मॉडेलवर ती चालत नाही. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही.

कॅमेऱ्यासोबत १८-५५ मिमीची किट लेन्स येते. ती पुरेशी आहे. पुढची खरेदी करायची झाली तर ३५ किंवा ५० मिमीची एफ/१.८ लेन्स घ्या. एफपुढचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. किट लेन्स ५५ मिमीला जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंत उघडते. त्या तुलनेत एफ/१.८ ची लेन्स जवळपास दहापट उजेड आत घेते. घरात, देवळात, संध्याकाळी हा फरक लगेच जाणवतो. भिगवणचे रोहित पक्षी काढायला लागणारी लांबलचक टेलिफोटो लेन्स सध्या राहू द्या.

तीन आकडे आणि एक खिडकी

एक्स्पोजर, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं), शटर स्पीड आणि आयएसओ या तीन आकड्यांनी ठरणारा फोटोतला उजेड, समजायला पुस्तकातल्या त्रिकोणाच्या आकृतीपेक्षा घरातली खिडकी जास्त उपयोगी पडते. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी कोणाला तरी काम करत बसवा. आजी भाजी निवडत असेल तर उत्तमच, कारण ती फोटोसाठी थांबणार नाही आणि तुम्हाला हलत्या हातांचा सराव होईल. घरातले दिवे बंद करा.

कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. निकॉनवर तो ए, कॅननवर एव्ही असा लिहिलेला असतो. एफ/५.६ ला एक फोटो घ्या, मग लेन्स उघडत असेल तर एफ/२.८ ला. आयएसओ तोच ठेवला तर पहिल्या फोटोला १/३० सेकंद लागला असेल तिथे दुसऱ्याला १/१२५ पुरतो. म्हणजे चौपट उजेड आत आला आणि शटर चौपट वेगाने बंद झालं. पहिल्या फोटोत हात हलला असेल, दुसऱ्यात कदाचित नसेल. पण दुसऱ्यात चेहऱ्यावर फोकस धरला तर हातातली मेथीची जुडी धूसर होईल. ही देवाणघेवाण एकदा डोळ्यांनी पाहिली की पुन्हा पाठ करावी लागत नाही.

फोटो हलतो त्याला दोन कारणं असतात. एक आपला हात. त्यासाठी जुना हिशेब असा की शटर स्पीड लेन्सच्या फोकल लेंग्थच्या (मिमीमधल्या आकड्याच्या) उलट्या अपूर्णांकाहून संथ नको. छोट्या एपीएस-सी सेन्सरवर दीडपट धरा, म्हणजे ५० मिमीला निदान १/८०. दुसरं कारण समोरचा माणूस. बोलणाऱ्या माणसाला १/१२५, खेळणाऱ्या पोराला १/५००, आणि वाखरीच्या रिंगणात धावणाऱ्या अश्वाला १/१००० लागतोच. लेन्समधलं किंवा बॉडीमधलं स्टॅबिलायझेशन पहिल्या कारणावर इलाज करतं, दुसऱ्यावर नाही.

आयएसओ ऑटोवर टाका, पण मेनूत जाऊन त्याची वरची मर्यादा ३२०० किंवा ६४०० आणि, सोय असेल तर, शटरची खालची मर्यादा १/१२५ ठरवून द्या. फोटोत दाणे आले तर ते एडिटिंगमध्ये कमी करता येतात. हललेला फोटो सावरता येत नाही. नवख्यांना आयएसओ वाढवायची फार भीती असते आणि त्या भीतीपोटी चांगले फोटो हलतात, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

पांढरं धोतर, काळा दगड

आता जरा सावकाश वाचा, कारण आपल्याकडच्या फोटोत हा प्रश्न पदोपदी येतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या उजळपणाचं आहे असं धरून चालतो. दिवे घाटातून वर चढणारे वारकरी फ्रेमभर असतील, सगळे पांढऱ्या सदऱ्या-धोतरात, तर कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड झाला. तो एक्स्पोजर कमी करतो, कपडे करडे होतात आणि चेहरे काळवंडतात. उलट काळ्या बेसाल्टच्या देवळात तो उजेड वाढवतो आणि दगड राखाडी, धुतल्यासारखा दिसतो.

उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. अधिक-उणेचं चिन्ह असलेलं बटण शोधा. पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीला +०.७ ते +१, काळ्या दगडाला −०.७ इथून सुरुवात करा. मग हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं ते उजवीकडे पांढरं असा फोटोतल्या उजेडाचा आलेख पाहा: उजव्या भिंतीला आलेख चिकटून उभा राहिला असेल तर पांढरं जळलं. बहुतेक कॅमेऱ्यांत जळालेला भाग लुकलुकत दाखवायची सोय असते, ती चालू ठेवा. फेट्याच्या एखाद्या घडीवर ठिपका लुकलुकला तर चालतं. अख्खा सदरा लुकलुकत असेल तर एक्स्पोजर उतरवा.

आषाढातल्या ढगाळ आभाळाला कंटाळू नका. ढगांमुळे उजेड पसरतो, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत आणि चेहरे सुंदर येतात. फक्त आभाळाचा भाग फ्रेममध्ये कमी घ्या. मे महिन्यातल्या दुपारी बारा वाजताच्या उन्हात मात्र सावली शोधून माणसाला तिथे उभं करावं; कॅमेरा कितीही महाग असला तरी त्या उन्हाशी झगडून काही निघत नाही.

आणि माणसांना विचारून फोटो काढा. नजरेने विचारलं तरी चालतं. नको म्हटलं तर कॅमेरा खाली.

रॉ का?

जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या उजळपणाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. सावलीत बुडालेला चेहरा जेपेगमध्ये उजळायला गेलं की तो चिखलासारखा फाटतो, रॉमध्ये बराचसा परत येतो. शिवाय व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळणी) रॉमध्ये नंतर मोकळेपणाने बदलता येतो. जेपेगमध्ये तो शिजून गेलेला असतो. किंमत म्हणजे जागा. २४ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची भरते.

पहिला महिनाभर रॉ आणि जेपेग दोन्ही एकत्र जतन करायचं सेटिंग ठेवा. जेपेग घरच्यांना लगेच पाठवता येतो, रॉ एडिटिंग शिकायला राहते. कॅननची रॉ फाइल सीआर२ किंवा सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू अशा नावाने येते. अ‍ॅडोबीने २००४ मध्ये आणलेलं डीएनजी हे त्यातलं सर्वांना खुलं असलेलं रूप. फोनच्या रॉ फाइल बहुधा त्यातच असतात.

फोटो संगणकावर उतरवताना तारखेने फोल्डर करा: वर्ष, महिना, दिवस, मग जागेचं नाव, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. कार्ड पुसायचं ते या दोन्ही प्रती उघडून पाहिल्यावर आणि कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करून.

आता सॉफ्टवेअर

दोन जाती लक्षात घ्या, म्हणजे गोंधळ निम्म्याने कमी होतो. एक जात रॉ फाइल धुणारी, म्हणजे तिच्यातून फोटो तयार करणारी, आणि फोटोंचा संसार सांभाळणारी: लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी, कॅप्चर वन. ही मूळ फाइलला हात लावत नाहीत, तुम्ही केलेले बदल बाजूला नोंदवून ठेवतात. दुसरी जात पिक्सेलवर काम करणारी, थर रचणारी: फोटोशॉप, जिंप, अफिनिटी. विजेची तार पुसायची, दोन फोटो जोडायचे, पत्रिका किंवा बॅनर करायचा, तर ही. नवख्याला जवळपास नेहमी पहिली जात लागते, आणि तो मागतो मात्र फोटोशॉप, कारण ते नाव १९९० पासून कानावर आहे.

निवडताना स्वतःला विचारायचे प्रश्न साधे आहेत. फोटो फोनवर आहेत की लॅपटॉपवर? दरमहा पैसे भरायची तयारी आहे का? एका वेळी वीस फोटो असतात की हजार? आणि पुढे यातून कामं घ्यायची आहेत का?

फक्त फोन असेल तर स्नॅपसीड घ्या. गूगलचं आहे, मोफत आहे, डीएनजी फाइल उघडतं. त्यातलं सिलेक्टिव्ह हे साधन आधी शिका. बोट ठेवलेल्या भागापुरताच उजेड बदलता येतो.

लॅपटॉप असेल आणि पैसे घालायचे नसतील तर सर्वांत सोपी सुरुवात कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरने होते. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप, तिन्ही मोफत. रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसले तसेच उघडतात, त्यामुळे पहिल्या दिवशी निराशा होत नाही. अडचण एवढीच की ती आपल्याच कंपनीच्या रॉ फाइलसाठी बनलेली आहेत. उद्या कॅमेरा बदलला की सॉफ्टवेअरही बदला.

म्हणून थोडे कष्ट घ्यायची तयारी असेल तर माझा कौल डार्कटेबलला आहे. २००९ पासून स्वयंसेवक ते घडवतायत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि पूर्ण मोफत आहे. पहिल्यांदा उघडल्यावर मॉड्यूलची लांब यादी पाहून छाती दडपते, हे खरं. त्यातली सहा-सात मॉड्यूल पुरतात, ती खाली सांगतो. ८ जीबी रॅमवर ते चालतं, १६ असेल तर सुखाने. नवा कोरा कॅमेरा घेतला असेल तर आधी डार्कटेबलच्या यादीत तो आहे का ते पाहा. अगदी नव्या मॉडेलची रॉ फाइल सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

लग्नाची, कार्यक्रमांची कामं घ्यायची असतील तर लाइटरूम क्लासिक शिका आणि त्याचे पैसे भरा. शेकडो फोटो झपाट्याने निवडणं, एकाचे बदल सगळ्यांवर टाकणं, चेहरा किंवा आभाळ आपोआप मास्क करणं (तेवढाच भाग बदलासाठी वेगळा निवडणं) यात त्याचा हात धरणारं फार थोडं आहे. तुम्ही ज्यांच्या हाताखाली काम कराल त्यांच्याकडेही बहुधा तेच असतं. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: वर्गणी थांबवली तरी लाइटरूम क्लासिकमधले फोटो पाहता आणि एक्स्पोर्ट करता येतात, पण डेव्हलप हा एडिटिंगचा भाग बंद होतो. म्हणजे जुन्या कामात पुन्हा बारकाईने बदल करता येत नाहीत. डार्कटेबल तुमचे बदल प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्येही लिहून ठेवतं. बॅकअप घेताना त्या फाइलही सोबत घ्यायच्या.

थरांचं काम अधूनमधून लागलं तर जिंप आहे. २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर लावल्यावरही नंतर बदलता येतात, ही त्याची जुनी उणीव भरून निघाली. अफिनिटी आधी विकत घ्यावं लागे. कॅनव्हाने २०२४ मध्ये ते बनवणारी कंपनी घेतली आणि २०२५ च्या अखेरीस ते मोफत केलं, फक्त खातं उघडावं लागतं.

क्रॅक केलेलं फोटोशॉप पेनड्राइव्हवर कोणी देऊ केलं तर घेऊ नका. ज्या संगणकावर घरच्यांचे सगळे फोटो आहेत त्यातच व्हायरसला वाट करून देण्यासारखं आहे ते, आणि आता मोफत पर्याय इतके चांगले असताना त्याची गरजही उरलेली नाही.

एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

स्वयंपाकघरात भाकरी थापणारी बाई. डावीकडे खिडकी, वर पिवळा बल्ब लागलेला. ३५ मिमी लेन्स, एफ/२.८, १/१२५, आयएसओ १६००. थापणारा हात किंचित हललेला आहे आणि ते चांगलं दिसतंय. बल्ब मात्र बंद करायला हवा होता, कारण चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी झाली आहे. असा फोटो डार्कटेबलमध्ये उघडला की मी या क्रमाने जातो.

लेन्स करेक्शन चालू. कडेची भिंत वाकलेली असते ती सरळ होते.

एक्स्पोजर मॉड्यूलमध्ये फोटो इतका उजळायचा की चेहरा नीट दिसेल. इथे +०.६ पुरलं. खिडकी जळल्यासारखी वाटली तरी या टप्प्यावर घाबरायचं नाही, चेहऱ्याकडेच पाहायचं.

मग कलर कॅलिब्रेशन. पिकरने खिडकीजवळच्या चुन्याच्या भिंतीचा तुकडा निवडला. भिंत पांढरी झाली आणि बल्बकडची बाजू उबदार राहिली. तिला पूर्ण पांढरं करायचा हट्ट धरला तर खिडकीकडचा गाल निळा पडतो, म्हणून थोडा पिवळेपणा राहू दिला. स्वयंपाकघरातला फोटो आहे, तो उबदार दिसायलाच हवा.

सिग्मॉइड मॉड्यूलने खिडकीतला तीव्र उजेड आणि ओट्याखालचा अंधार दोन्ही पडद्यावर मावेल असे बसवले. टोन इक्वलायझरने फक्त सावलीतला भाग, म्हणजे तवा आणि परात, थोडा वर आणला. पीठ हातातून उडतंय त्या भागाला स्पर्श केला नाही.

डिनॉइज प्रोफाइल्ड चालू करून तसंच ठेवलं. कॅमेऱ्याचं मॉडेल आणि आयएसओ पाहून ते स्वतःच अंदाज घेतं. शेवटी क्रॉप: उजवीकडचा अर्धा कापलेला गॅस सिलिंडर काढला.

इथे थांबायचं. त्वचा गोरी करायची नाही. अनेक अ‍ॅप चेहरा सापडला की आपोआप रंग उजळतात आणि सुरकुत्या पुसतात. अशी सोय असेल तर ती बंद करा. उन्हात राबलेल्या सावळ्या चेहऱ्याचा खरा रंग जपणं हे एडिटिंगमधलं सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

त्याच खिडकीशी काढलेले बाकीचे फोटो असतील तर या फोटोचे बदल कॉपी करून त्या सगळ्यांवर पेस्ट करा आणि मग एकेकाचं एक्स्पोजर तेवढं जुळवा. काम निम्म्याहून कमी होतं.

बाहेर काढताना

पडद्यासाठी जेपेग, एसआरजीबी रंग, लांब बाजू २०४८ पिक्सेल, दर्जा ९० च्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही.

प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरा. म्हणजे ४×६ इंचाला १२००×१८०० आणि ८×१२ ला २४००×३६०० पिक्सेल; २४ मेगापिक्सलमध्ये हे सहज बसतं. बहुतेक कॅमेऱ्यांची फ्रेम ३:२ असते, ती ४×६ मध्ये तंतोतंत मावते. फोनची फ्रेम बहुधा ४:३ असते आणि तीच ४×६ मध्ये छापली की वरून-खालून कापली जाते. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या काकांचं डोकं जातं ते यामुळे. क्रॉप स्वतः करून द्या, लॅबवर सोडू नका.

प्रिंट काळपट येते अशी तक्रार लॅबकडे नेण्याआधी आपल्या पडद्याची ब्राइटनेस पाहा. ती पूर्ण वर ठेवून एडिट केलं की आपण फोटो नकळत अंधारा ठेवतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, वेगवेगळ्या उजेडातले चार-पाच फोटो ४×६ मध्ये छापून आणा आणि ते दिवसा खिडकीशी धरून पडद्याशी ताडून पाहा. प्रिंट अजूनही काळी वाटली तर पडदा आणखी उतरवा. हे एकदा जमलं की त्या पडद्यावर भरवसा ठेवता येतो. मोठ्या प्रिंट कशा दिसतात ते पाहायला पुण्यात बालगंधर्व कलादालनात किंवा मुंबईत जहांगीरच्या टेरेस गॅलरीत फोटोप्रदर्शन लागलं की जाऊन या, आणि काळ्या भागांत किती तपशील राखलाय ते जवळून बघा.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत महिनोन्‌महिने ठेवू नका, लेन्सला बुरशी लागते ती तिथेच. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की पुरे. सिलिका जेलचे रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे ते कधी वाळवायचे ते कळतं. एसी खोलीतून किंवा गाडीतून दमट हवेत उतरताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा, नाहीतर लेन्सवर वाफ धरते. आणि आठवड्यातून एकदा तरी तो बाहेर काढून वापरा. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.